डाळिंबाची प्रश्नोत्तरे : टन मोजताय, खर्च कोण मोजणार?

हंगाम बदलला तरी प्रश्न तेच येतायत, म्हणून सगळ्यांना एकदमच उत्तरं देतो.

प्र. भाव चांगलाय, आंबे बहाराची (जानेवारी-फेब्रुवारीच्या फुलांची) तोडणी झाली की लगेच हस्त बहार (सप्टेंबर-ऑक्टोबरची फुलं) धरू का? (मंगळवेढा)
नाही. झाडाला तीन-चार महिने विश्रांती लागते.

प्र. ओळखीच्या बागेतनं गुटी कलमं स्वस्तात मिळतायत, घेऊ? (माळशिरस)
त्या बागेत तेल्या (जिवाणूनं होणारा डागांचा रोग) असला तर कलमाबरोबर तोही फुकट येतो. मान्यताप्राप्त रोपवाटिकेतनं घ्या, पक्की पावती मागा.

प्र. दोन एकर भगवा जातीचं डाळिंब, घरचे चौघं राबतो. एकरी आठ टन काढला तरी हातात काय उरलं नाही. दुकानदार म्हणतो अजून एक टॉनिक सोडा. (सांगोला)
दादा, दुकानदार दुसरं काय म्हणणार? आठ टन आठ टन करत सगळे फिरतात, पण किलोमागं खर्च किती आला विचारलं की गप्प. समजा तुम्ही एकरी ५ लाख घालून ८ टन काढले आणि शेजाऱ्यानं २ लाख ७० हजारात ६ टन. दोघांना ८० रुपये भाव मिळाला तर तुम्हाला १ लाख ४० हजार उरले, त्याला २ लाख १०. मग कार्यक्षम कोण? आणि तुमच्या ५ लाखात वहिनींची फळं निवडायची मजुरी, आबांची रात्रीची मोटर धरलीय का? घरची मजुरी फुकट नसते, तीच माणसं दुसरीकडं गेली असती तर हजेरी मिळालीच असती ना. वहीत गावच्या दरानं घरच्यांची मजुरी लिहा, फवारणी, खत, वीज वेगवेगळं लिहा. एका बहारात कळेल पैसा कुठं गळतोय, आणि बहुतेक वेळा तो टॉनिकच्या बाटल्यांतच गळतो. आपल्याकडच्या बऱ्याच जमिनी चुनखडीच्या, सामू (पीएच) आठच्या वर, तिथं लोह-जस्त घातलं तरी झाडाला नीट मिळत नाही, मग पानं पिवळी, मग अजून एक बाटली! आधी माती आणि पानं प्रयोगशाळेत तपासून घ्या, तो रिपोर्ट घेऊन कृषी विज्ञान केंद्रात जा. तोवर एकही बाटली घेऊ नका, उधारीवर तर नाहीच.

प्र. ठिबक आहे तरी शेवटच्या ओळीतली फळं बारीक राहतात. (पंढरपूर)
पाणी पोचत नसणार. ताशी ४ लिटरच्या ड्रीपरखाली ६ मिनिटं भांडं ठेवा, ४०० मिली भरायला पाहिजे. पहिल्या आणि शेवटच्या ओळीत मोजा. कमी भरलं तर फिल्टर बघा, नळ्यांची टोकं उघडून त्या धुऊन काढा. क्षार बसले असतील तर आम्ल सोडतात, पण प्रमाण जाणकाराला विचारूनच.

प्र. मधूनच झाडं वाळतायत. ग्रुपवर एकानं बुडात ओतायचं औषध सांगितलंय. (सांगोला)
ओतू नका. मर बुरशीनं होते, सूत्रकृमीनं झाड खचतं, खोडाला बारीक भोकं पाडणारा भुंगेरा पण असतो आणि प्रत्येकाचा इलाज निराळा, ग्रुपवरच्या माणसाला तुमच्या झाडाची मुळं दिसलीयत का? आजारी झाडाची कात्री निर्जंतुक केल्याशिवाय निरोगी झाडाला लावू नका, आजारी झाड उपटून बागेतनं ओढत नेऊ नका. मुळं, खोडाचा तुकडा आणि बुडाची माती वेगवेगळ्या पिशव्यांत भरा आणि सोलापूरजवळ केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रात दाखवा. याच आठवड्यात जा, फोटो फिरवत बसलात तर शेजारची झाडं पण जातील.