मॅक्रोने शोधलेल्या फायली तारखेप्रमाणे कशा लावायच्या?

तुमचा प्रश्न असा, की जुना मॅक्रो (एक्सेलमधली कामं आपोआप करणारा छोटा प्रोग्राम) बंद पडला, त्यात दुसरी आज्ञा घातलीत, तर आता फायली तारखेप्रमाणे येत नाहीत. तो मॅक्रो एक्सेल २००३ वर चालायचा आणि आता एरर देतो, यात तुमची चूक नाही. त्यातलं 'ॲप्लिकेशन.फाइलसर्च' मायक्रोसॉफ्टने २००७ पासून काढूनच टाकलं. फायली शोधून वर क्रमही लावून द्यायचं बिचारं. त्याच्या जागी तुम्ही 'डिर' (फोल्डरमधल्या फायलींची नावं एकेक करून देणारी आज्ञा) घातलंत ते बरोबरच. पण डिरला क्रमाशी देणंघेणं नाही. डिस्क जसं नाव पुढे करेल तसं ते देतं. एनटीएफएस, म्हणजे विंडोजच्या नेहमीच्या पद्धतीच्या डिस्कवर यादी बहुधा अक्षरक्रमाने येते, म्हणून आपण गाफील राहतो. त्याच फायली पेनड्राइव्हवरून वाचल्या की यादी उलटसुलट.

तेव्हा क्रमाचं काम शीटवर सोपवा. रिकाम्या शीटवर 'ए' कॉलममध्ये नाव आणि 'बी'मध्ये 'फाइलडेटटाइम'ने मिळालेली, म्हणजे फाइल शेवटची बदलल्याची तारीख भरत जा. डिरकडून रिकामं उत्तर आलं की लूप (हेच काम पुन्हापुन्हा करणारा भाग) थांबवा आणि मग दोन्ही कॉलम एकत्र धरून 'बी'वर रेंज.सॉर्ट (क्रम लावणारी आज्ञा). एकटा 'बी' सॉर्ट केलात तर नाव एकाचं, तारीख दुसऱ्याची.

आता मी कुठे आपटलो ते सांगतो. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मी हिशेब बघतो. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत घरी बसून बिलांच्या फायलींची यादी काढत होतो. तारीख नीट दिसावी म्हणून 'फॉरमॅट' लावून दिवस-महिना-वर्ष अशी सेलमध्ये टाकली. यादीत जानेवारीची बिलं चक्क मे महिन्यात! मॅक्रोतून मजकूर म्हणून टाकलेली तारीख एक्सेल अमेरिकन पद्धतीने, महिना आधी धरून वाचतं. ५ जानेवारीचं १ मे होतं. दिवस बारापर्यंत असला की ही अदलाबदल. तेरापासून पुढे महिना बनत नाही, म्हणून त्या तारखा बचावतात. अर्धी यादी बरोबर दिसल्यामुळे मला सापडायला दोन तास लागले. तारीख तारीख म्हणूनच टाका, दिसणं नंतर 'नंबरफॉरमॅट'ने सजवा.

नावावर सॉर्ट करणार असाल तर 'बिल१०' हे 'बिल२'च्या आधी येईल. नावं ठेवतानाच ००२, ०१० असे आकडे घाला.

सबफोल्डरही धुंडाळायचे असतील तर डिर सोडा, एका वेळी दोन फोल्डर त्याला झेपत नाहीत. फायली आणि फोल्डर हाताळणारं 'फाइलसिस्टिमऑब्जेक्ट' घ्या. सॉर्ट मात्र तिथेही शीटवरच करावं लागेल.