आधीच्या गुंतवणूकदाराने स्टार्टअपच्या निधी उभारणीच्या पुढच्या फेरीतही पैसे घालणे बंधनकारक असते का?

नाही, व्हेंचर कॅपिटल फंडाला (इतरांचा पैसा एकत्र करून नव्या कंपन्यांत गुंतवणाऱ्या फंडाला) पुढच्या फेरीत सहभागी होण्याचा सहसा हक्क असतो, बंधन नसते, आणि तो हक्कही भागधारक करारात स्पष्ट लिहिलेला असेल तरच भरवशाचा, कारण कंपनी कायदा, 2013 च्या कलम 62 नुसार विशेष ठराव (भागधारकांच्या किमान तीन-चतुर्थांश मतांनी होणारा ठराव) करून नवे शेअर थेट बाहेरच्या गुंतवणूकदाराला देता येतात. समजा, एखाद्या फंडाकडे 10 टक्के हिस्सा आहे आणि कंपनी 50 कोटी रुपये घेऊन नव्या गुंतवणूकदारांना 20 टक्के हिस्सा देत आहे; फंड गप्प राहिला तर त्याचा हिस्सा 8 टक्क्यांवर येतो, आणि 10 टक्के टिकवायचा तर त्याला या फेरीतले 5 कोटी स्वतः घालावे लागतात. म्हणूनच बहुतेक फंड आपल्या निधीतला मोठा भाग अशा पुढच्या फेऱ्यांसाठी राखून ठेवतात. सिक्वोया कॅपिटल या अमेरिकी व्हेंचर कॅपिटल कंपनीने व्हॉट्सअ‍ॅपमध्ये 2011 मध्ये सुमारे 80 लाख डॉलर घातले होते, पण 2013 मध्ये कंपनीची वाढ समोर दिसत असताना आणखी सुमारे 5.2 कोटी डॉलर घातले. पुढच्याच वर्षी फेसबुकने ती कंपनी सुमारे 19 अब्ज डॉलरना विकत घेण्याचे जाहीर केले. मात्र जुना गुंतवणूकदार थांबला, की नवे गुंतवणूकदार त्यामागचे कारण शोधू लागतात, हे संस्थापकांनी गांभीर्याने घ्यावे. स्वतःचे पैसे घालणाऱ्या छोट्या एंजल गुंतवणूकदाराच्या बाबतीत अशा थांबण्याचा फारसा अर्थ काढला जात नाही, पण ज्याच्याकडे राखीव निधी आहे अशा मोठ्या फंडाचा नकार पुढची फेरी अडवू शकतो.