सिंगिडाला शिलाई मशीनं पाठवण्याआधी

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि पोटात गोळाच आला. बारा शिलाई मशीनं, शाळेची जुनी इंग्रजी पुस्तकं, टांझानियात सिंगिडाजवळचं खेडं, तिथे तुम्ही स्वतः शिकवायला जाणार, आणि वर विचारताय, "कंटेनरमध्ये जागा मिळालीय, पुढच्या आठवड्यात माल न्हावाशेव्याला जाईल, आणखी काय टाकू?" 2018 साली मी अगदी हेच केलं होतं. माझी मशीनं नऊ होती, एवढाच फरक.

लसी, मलेरियाच्या गोळ्या, मच्छरदाणी यावर वर बऱ्याच जणांनी लिहिलंय, ते सोडते. व्हिसाचं मात्र बघा. पर्यटक व्हिसावर शाळेत शिकवायला उभं राहता येत नाही. स्वयंसेवकांसाठी वेगळा निवास परवाना असतो, तो तिथल्या संस्थेकडून आधीच करून घ्या. (मी वकील नाही, नियम बदलत असतात, वकिलातीत विचारून खात्री करा.)

आता माझा मूर्खपणा. मुंबईच्या एजंटने फोनवर विचारलं, "मॅडम, माल कोणाच्या नावे सोडवायचा?" मी भाजी निवडत होते. म्हटलं, माझ्याच नावे टाका, मी असणारच आहे तिकडे. झालं. त्या एका वाक्याने सगळं घालवलं. धर्मादाय मालाला शुल्कमाफी मिळू शकते, पण ती मागायची तिथल्या नोंदणीकृत संस्थेने, आणि तीही माल पोचायच्या आधी. जहाजाच्या कागदावर माझं नाव, म्हणजे कागदोपत्री मी नऊ मशीनं विकायला आणलेली बाई.

माल उतरला टांझानियाच्या दारेसलाम बंदरात. तो सोडवायला तिथल्या ज्या कार्यालयात मी चकरा मारल्या त्याचं नाव घेत नाही. तळमजल्यावरची खिडकी म्हणे दुसऱ्या मजल्यावर जा, दुसरा मजला म्हणे आधी तळमजल्याचा शिक्का आणा. एक गृहस्थ रोज हसून "न्जो केशो" म्हणायचे. उद्या या. हे दोन शब्द शिकायला मला वर्ग लावावा लागला नाही. तिकडे मोठ्या बाईला "मामा" म्हणतात. पहिल्या दिवशी त्यांनी "मामा!" अशी हाक मारली तेव्हा मी मागे वळून बघत होते, कोणाचा मामा आलाय म्हणून. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी शांतपणे विचारलं, "मामा, तुम्ही व्यापारी आहात का? नाही ना? मग इथे तुमचं नाव का?" उत्तर नव्हतं माझ्याकडे. नऊपैकी दोन मशीनं वापरलेली निघाली, तर जुन्या मालाला निघण्याआधीच तपासणीचा दाखला हवा होता म्हणे. निदान मला तरी तसं सांगण्यात आलं. बंदरात पहिले काही दिवस माल फुकट राहतो, मग रोजचं भाडं चढतं. शेवटी शुल्क, भाडं आणि एजंट धरून मशीनांच्या किमतीपेक्षा जास्त पैसे गेले. दोन स्टँडचे बिडाचे पाय तडकलेले, ते वेगळंच.

पण पैसे माझे गेले, त्याचं फार नाही. टांझानियात शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं. 2016 पासून सरकारी शाळांत फी माफ आहे, पण गणवेश आईबापांनाच शिवून घ्यावा लागतो. पांढरा शर्ट आणि निळा स्कर्ट किंवा चड्डी. म्हणजे गावच्या शिवणकामाचा खरा हंगाम डिसेंबर. मशीनं गावातल्या ज्या बायकांच्या गटासाठी होती, त्यातल्या सहाजणींनी माझ्या भरवशावर कापड आणून ठेवलं होतं, तेही गटाच्या पेटीतून कर्ज काढून. मशीनं गावात आली फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात. तोवर पोरं दुसरीकडचे गणवेश घालून शाळेत जायला लागली होती.

ती पेटी तुम्हाला दिसेलच. पत्र्याची, तीन कुलपांची, तीन किल्ल्या तीन वेगळ्या बायकांकडे. आपल्या बचत गटासारखंच, पण बँक नाही. बचत, कर्ज, व्याज सगळं सर्वांसमोर मोजायचं आणि वर्षअखेर सगळी रक्कम वाटून पेटी रिकामी करायची. भिशी आणि बचत गट यांच्या मधलं काहीतरी. ही पद्धत 1991 साली आफ्रिकेतल्याच नायजर देशात केअर या मदत संस्थेने सुरू केली. त्या वर्षीच्या वाटपाला त्या सहाजणींच्या वाट्यातून कर्ज आणि व्याज कापलं गेलं. मी भरून देते म्हटलं तर अध्यक्षबाई नाही म्हणाल्या. पेटीत बाहेरचा पैसा एकदा आला की बायका हप्ता भरायच्या थांबतात, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा राग आला होता. आता वाटतं, बरोबर होतं त्यांचं.

म्हणून माझं मत (मतच आहे, कोणाला पटणार नाही): वस्तू पाठवूच नका. पायाने चालवायची मशीनं दारेसलामच्या करियाको बाजारात मिळतात, सिंगिडा शहरातही मी दुकानात रांगेने मांडलेली पाहिली, तीही माझी मशीनं बंदरात अडकलेली असताना! तिथे घेतलं की दुरुस्तीला फुंडी, म्हणजे कारागीर, आणि सुटे भाग जवळ. आणि घेण्याआधी गटाला विचारा, ऑर्डर कोणाची आहे आणि कधीची. आमच्या गटातल्या निम्म्या बायकांना मुळात शिवणकाम नको होतं. सूर्यफुलाचं तेल काढायचं होतं, तो भाग त्यासाठीच प्रसिद्ध आहे. मी विचारलंच नव्हतं.

पुस्तकांचंही तेच. तिथे सरकारी प्राथमिक शाळा सात वर्षं स्वाहिलीत आणि मग फॉर्म वनपासून, म्हणजे माध्यमिकच्या पहिल्या वर्षापासून, स्वाहिली सोडून सगळे विषय इंग्रजीत. मराठी माध्यमातून अकरावी सायन्सला गेलेल्या कोणालाही विचारा काय होतं ते. मी स्वतः त्यातली आहे. त्या पोरांना आपल्याकडच्या रद्दीतल्या गोष्टींच्या पुस्तकांचा उपयोग नाही. संध्याकाळी बसून त्यांच्याच विज्ञानाच्या पुस्तकातले शब्द दोन्ही भाषांत फळ्यावर लिहिलेत तर होईल. मला त्यातूनच थोडंफार जमलं, बाकी माझं शिकवणं यथातथाच.

गावात पोचलात की आधी म्तेंदाजी, म्हणजे आपला ग्रामसेवक समजा, त्यांच्याकडे पत्र घेऊन जा आणि पाहुण्यांच्या वहीत सही करा. तिला किताबूच म्हणतात. वडीलधाऱ्यांना आधी "शिकामो", म्हणजे आदराचा नमस्कार, मग काम. पेसा, दुका, चाय हे शब्द तुम्हाला आपोआप कळतील. किमती "लाकी"त सांगतात, म्हणजे लाखात, दचकू नका, शिलिंग असतात.

सामानात फारतर सुयांची पाकिटं टाका, वजन होत नाही. पण त्याआधी आजच्या आज एजंटला फोन करा आणि माल कोणाच्या नावे लिहिलाय ते विचारा. जहाज सुटलेलं नाही, तोवर नाव बदलता येतं. बारा मशीनं इथेच विकता आली तर त्याहून उत्तम. साताऱ्यात घेणारी एक बाई मला माहीत आहे, हवं तर व्यनि (खासगी निरोप) करा.