गल्लीतला सुका कचरा: आधी माल कुठं जाणार ते ठरवा, मग घरोघरी शिकवा

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतली तुमची गल्ली ४० घरांची, त्यात लिफ्ट नसलेली एक तीनमजली इमारत. तालीम मंडळात बैठक झाली, पत्रकं वाटली, आणि महिन्याभरात सगळं पुन्हा एकाच बादलीत. महापालिकेच्या कचरागाडीचा टिपरवाला एकत्रच ओततो म्हणून लोक वैतागलेत. आता वर्गणी काढून घरटी हिरवी-निळी बादली द्यावी का, असं तुम्ही विचारलंय. वर्गणी तूर्त थांबवा. बादल्या नाहीत म्हणून तुमचं काम अडलेलं नाही.

ओला आणि सुका हे शब्द आता सगळ्यांना माहीत आहेत. माणूस अडतो तो हातातल्या वस्तूपाशी. चहाचा कागदी कप, वड्याचा तेलकट कागद, गोळ्यांची रिकामी पट्टी, फुटलेली बशी कुठं टाकायची? पत्रकात याचं उत्तर नसतं. खरं उत्तर माल विकत घेणाऱ्याकडं असतं, म्हणून सुरुवात स्वयंपाकघरातून न करता भंगाराच्या दुकानातून करा.

जवळच्या दोन-तीन भंगारवाल्यांना भेटा आणि चार गोष्टी लिहून घ्या: कोणता माल घेणार, कोणत्या अवस्थेत घेणार, किमान किती किलो जमल्यावर गाडी पाठवणार, आणि पोत्यात काय दिसलं तर अख्खं पोतं परत करणार. चौथं उत्तर सगळ्यात कामाचं, कारण तेच पुढं तुमच्या शिकवणीचं पुस्तक होतं. भाव खालीवर होत राहतात, त्यावर फार अडून बसू नका.

किलोचा हिशेब मात्र लोकांना समजावून सांगा. अर्ध्या लिटरची दुधाची रिकामी पिशवी अडीच-तीन ग्रॅमची असते. रोज दोन पिशव्या घेणाऱ्या घरात महिन्याला जेमतेम दीडशे ग्रॅम माल होतो, तेवढ्यासाठी कुणी दारात येणार नाही. तीच ४० घरं एकत्र आली की महिन्याला सहा किलोंच्या वर जातं आणि जोडीला पुठ्ठा असला की गाडी येते. एकेकट्यानं केलं तर का टिकत नाही, हे या आकड्यावरून लोकांना लगेच पटतं.

गल्लीत आधीपासून कचरावेचक मावशी येत असतील तर त्यांना पहिल्या बैठकीलाच बोलवा. मंडळानं पुठ्ठा आणि बाटल्या विकून पैसे घेतले आणि त्यांना उरलेली घाण ठेवली, तर तुम्ही एका गरीब घराची चूल बंद केलीत. माझं स्पष्ट मत आहे की विक्रीचे पैसे त्यांनाच मिळावेत, आणि बदल्यात पोती तपासणं, वजन करणं हे काम त्यांनी करावं. प्लॅस्टिकची पारख त्यांच्याइतकी गल्लीत कुणालाच नसते. ‘अवनि’ संस्था कोल्हापुरात कचरावेचक महिलांबरोबर काम करते, तिथं बोलून घ्या.

मग एका रविवारी दहा घरांचा आठवड्याचा सुका कचरा ताडपत्रीवर ओता. हातमोजे आणि बूट घालून त्याचे ढीग करा, ताणकाट्यावर तोला आणि वहीत लिहा. दोन तासांत तुमच्याच गल्लीत काय निघतं आणि काय कशामुळं खराब होतं ते दिसेल. बहुतेक वेळा चोर एकच असतो: डाळ, चहा किंवा ताक सांडलेली एखादी पिशवी. कागद ओला झाला की धागा कमजोर होतो, बुरशी धरतो, आणि दुकानदार वजनात तूट धरतो किंवा सरळ नाकारतो.

पहिल्या महिन्यात चारच वस्तू घ्या. तीस वस्तूंची यादी दिली की माणूस यादीच वाचत नाही.

दुधाची पिशवी: कोपरा पूर्ण कापून वेगळा करू नका, चीर देऊन लटकता ठेवा. ते इवले तुकडे गोळाच होत नाहीत, गटारात जातात. पिशवी रिकामी झाली की अर्धी वाटी पाणी घालून हलवायची (ते पाणी झाडाला चालतं), दुसऱ्या बाजूनं कापून उघडायची आणि दोरीवर चिमट्यानं वाळत घालायची. दूध आत राहिलं तर दोन दिवसांत आंबतं, अळ्या होतात, आणि घरातलंच कुणीतरी पोतं बाहेर फेकतं.

पुठ्ठा आणि रद्दी: खोकं उघडून सपाट करायचं, आतलं थर्माकोल आणि प्लॅस्टिक काढायचं. तेल लागलेला कागद यात नको. त्यावर प्लॅस्टिकचा थर नसेल तर तो ओल्यात, खताला चालतो.

पाण्याच्या आणि शीतपेयाच्या बाटल्या: रिकाम्या करून, आडव्या दाबून, झाकण लावून द्यायच्या. दाबल्या नाहीत तर पोतं हवेनंच भरतं.

काच आणि पत्र्याचे डबे: खळबळून घेतलेले. फुटलेली काच खोक्यात घालून वर ‘काच’ असं मोठ्या अक्षरात लिहायचं, कारण पोतं उघडणारा हात कुणाचा तरी असतो. कपबशी, आरसा, ट्यूबलाइट आणि उष्णता सोसणारी काचेची भांडी बाटल्यांच्या काचेत मिसळू नयेत. त्यांची घडण वेगळी असते आणि भट्टीत त्यामुळं माल बिघडतो.

शिकवताना भाषण टाळा आणि तालमीच्या कट्ट्यावर पाण्याची बादली ठेवा. पाण्याच्या बाटलीचा कापलेला तुकडा त्यात बुडतो, तिचंच झाकण तरंगतं. दोन्ही प्लॅस्टिक, पण बाटली पेट जातीची, पाण्यापेक्षा जड, आणि झाकण पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएथिलीनचं, पाण्यापेक्षा हलकं. पुनर्चक्रणाच्या कारखान्यातही बाटलीचा चुरा आणि झाकणाचा चुरा पाण्यात असाच वेगळा होतो. पाइपाचं प्लॅस्टिक, म्हणजे पीव्हीसी, मात्र पेटसारखंच बुडतं, म्हणून पाण्यानं निवडता येत नाही. पेट वितळायला साधारण २५० अंशांच्या वर तापमान लागतं, पीव्हीसी त्याच्या कितीतरी आधी विघटन होऊन आम्ल सोडतं आणि सगळा घाणा पिवळा पडतो. पाइपाचा तुकडा बाटल्यांच्या पोत्यात का चालत नाही, याचं कारण हे.

दुसरी चाचणी मुठीची. वेफर्सचं चकचकीत पाकीट चुरगाळून सोडलं की ते पुन्हा उलगडतं, ॲल्युमिनियमचा कागद चुरगाळलेलाच राहतो. उलगडतं ते प्लॅस्टिकवर धातूचा मुलामा दिलेलं, थर वेगळे न होणारं. त्याला भंगारात गिऱ्हाईक नाही. तिसरी चाचणी फाडण्याची: कागदी कप हळू फाडला की आतून पातळ प्लॅस्टिक दिसतं, म्हणून तो रद्दीत जात नाही. आणि लोहचुंबक मुलांच्या हातात द्या. चिकटलं ते लोखंड, नाही चिकटलं तर बहुधा ॲल्युमिनियम. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत लोखंडाचं भंगार वितळवतात हे इथल्या पोरांना ठाऊक असतं, त्यामुळं पुढचा प्रवास वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

ज्याला गिऱ्हाईक नाही ते लपवू नका. वेफर्सची पाकिटं, गोळ्यांच्या पट्ट्या, थर्माकोल, कागदी कप यांना भाव नाही. ही वेगळ्या पिशवीत कोरडी ठेवून टिपरला सुक्यात द्या, तिथून फार तर जाळण्याजोगं इंधन होतं. ‘सगळ्याचं पुनर्चक्रण होतं’ असं एकदा सांगितलंत आणि लोकांनी एकदा खरं पाहिलं, की पुढं तुमचं काहीच ऐकणार नाहीत.

आता सगळ्यांना जमण्याचा प्रश्न, आणि माझ्या मते तुमच्या गल्लीत खरी गळती इथंच आहे. सकाळच्या पाळीला एमआयडीसीत जाणारा माणूस टिपर यायच्या आधीच घराबाहेर असतो. सुका कचरा वास मारत नाही, त्याला रोजची गाडी लागतच नाही. रविवारी सकाळी ८ ते १० आणि बुधवारी संध्याकाळी ७ ते ८ अशा दोन वेळा तालमीपाशी ठेवा. एकच वेळ ठेवली तर पाळीवाले आणि दुकानदार दोघंही सुटतात.

एका खोलीच्या घरात दोन बादल्यांना जागा नसते. पशुखाद्याचं किंवा साखरेचं धुतलेलं रिकामं पोतं दाराच्या मागं खिळ्याला अडकवा, खर्च जवळजवळ शून्य. याचा आणखी एक फायदा आहे. एका बाजूला झाकणाची बादली आणि दुसऱ्या बाजूला पोतं, हा फरक हाताला कळतो, म्हणून अंधांना आणि कमी दिसणाऱ्या वयस्करांनाही चुकायला होत नाही. नुसत्या हिरव्या-निळ्या रंगावर भिस्त ठेवली की ही माणसं बाहेर राहतात.

तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना पोतं खाली आणायला सांगू नका. रविवारी दाराच्या कडीला अडकवलेलं पोतं मंडळाच्या पोरांनी उतरवायचं. जिन्यावर तशी पाचच घरं असतील, पण त्यांची नावं आणि पाळी लिहून ठेवली नाही तर तिसऱ्या रविवारी कुणीच जात नाही. जमा करण्याच्या जागी पायरी नको, चाकाच्या खुर्चीला ९० सेंटिमीटर मोकळी वाट हवी, आणि पिंपाचं तोंड जमिनीपासून ८० ते ९० सेंटिमीटरवर असावं. उंच पिंप असेल तर बाजूनं तोंड कापा आणि कडेला रबरी नळी चिरून बसवा, हात कापत नाही.

बऱ्याच घरांत कचरा बाहेर काढणारी व्यक्ती धुणीभांडी करणारी मावशी असते आणि बैठकीला तिला कुणी बोलावलेलंच नसतं. तिच्या वेळेत, दुपारी, पंधरा मिनिटं वेगळी काढा. भाड्यानं राहणारे विद्यार्थी आणि परप्रांतीय कामगार यांच्यासाठी अक्षरांचा फलक निरुपयोगी. फळीवर खरी पिशवी, खरं झाकण, खरा कप खिळ्यानं ठोका, घेतो त्याच्यावर हिरवी बरोबरची खूण आणि घेत नाही त्यावर लाल फुली. खाली मराठी, हिंदी आणि कन्नड, प्रत्येकी एक ओळ पुरे.

टिपरबद्दल. चालकाशी भांडून काही होत नाही. गाडीतला सुक्याचा कप्पा लहान असतो, पोकळ मालानं लवकर भरतो, मग सगळं एकत्र होतं. तुमचा विकाऊ सुका माल आठवडाभर घरीच राहिला तर टिपरला रोज बहुतेक ओलाच जातो आणि भांडणाचं कारण फारसं उरत नाही. तरी एकत्र होत असेल तर तारीख, वेळ आणि गाडीचा क्रमांक लिहून प्रभागाच्या आरोग्य निरीक्षकाला द्या.

पोतं चुकीचं आलं तर त्यावर चिठ्ठी बांधून परत: ‘पिशव्या ओल्या आहेत, वाळवून पुढच्या रविवारी द्या.’ कारण लिहिलेलंच हवं. घराचं नाव फलकावर लावून लाज काढू नका, तो माणूस सुधारत नाही, रात्री जुन्या कचराकोंडाळ्याच्या जागी किंवा जयंती नाल्यात पोतं टाकून येतो. वहीत दर आठवड्याला घेतलेले किलो आणि परत केलेले किलो असे दोन रकाने ठेवा. परतीचा आकडा सलग चार आठवडे खाली आला की पाचवी वस्तू वाढवा, त्याआधी नको.

१ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या घनकचरा नियमांत ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा असे चार भाग आहेत, तेव्हा शेवटच्या दोघांचीही सवय आत्ताच लावा. पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून वर लाल खूण. सुया जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत, झाकण घट्ट. मोबाइलची बॅटरी सुक्याच्या पोत्यात कधीच नको. दाबली गेली की ती पेट घेते आणि भोवती कागद-पुठ्ठाच असतो. तिच्या टोकांना चिकटपट्टी लावून झाकणाच्या बरणीत वेगळी ठेवा. गणेशोत्सवात निर्माल्यातला दोरा, तार आणि थर्माकोल काढायला आरतीनंतर पाच मिनिटं मागा, तेव्हा गल्ली सगळी जमलेली असते.

जून ते सप्टेंबर माल वाळत नाही, म्हणून साठा विटांवर फळ्या टाकून जमिनीपासून वीतभर उंच ठेवा आणि पुठ्ठा दर आठवड्याला हलवा, महिन्याची वाट पाहू नका. हे वाचून शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत किंवा दुधाळीत कुणी सुरुवात करणार असेल तर त्यांनी पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची पातळी बघत राहावं. ३९ फुटांना इशारा असतो आणि ४३ फुटांना धोका. भंगारवाल्याला इशाऱ्याच्या आधीच फोन करून साठा रिकामा करा. २०१९ आणि २०२१ सारखं पाणी चढलं तर तीच पोती फुटून सगळा माल पंचगंगेत जाईल.