प्रश्न विचारताना अडखळतं, ऐकताना निसटतं

सॉफ्टवेअर सपोर्टमध्ये काम करणाऱ्या एका तरुणाची तक्रार: "मेल बिनचूक लिहितो, पण अमेरिकेतल्या ग्राहकाचा फोन आला की त्याचा प्रश्नच कळत नाही. माझा आत्मविश्वास कमी पडतो का?" मराठी माध्यमातून आलेले बरेच जण हेच विचारतात. आत्मविश्वासाचं नंतर पाहू. आधी वाक्य तपासू.

तो विचारायचा, "व्हेअर यू सेव्ह्ड द फाइल?" मराठीत 'डेस्कटॉपवर'च्या जागी 'कुठे' घातलं की प्रश्न झाला, बाकी काही हलत नाही. इंग्रजीत कर्त्याआधी सहायक क्रियापद लागतं: "व्हेअर डिड यू सेव्ह द फाइल?" भूतकाळ 'डिड'ने दाखवला, म्हणून पुढे साधं 'सेव्ह'. मात्र 'हू' स्वतःच कर्ता असेल तर 'डिड' नको: "हू चेंज्ड द पासवर्ड?"

गंमत अशी, की बोलताना आपण गाळतो तोच तुकडा अमेरिकन माणूस गिळतो. 'व्हॉट डिड यू'चं होतं 'वॉजा', 'व्हॉट डू यू'चं 'वॉडया'. ग्राहकाने विचारलं, "वॉजा चेंज?" म्हणजे काय बदललंस? याने उत्तर दिलं, आम्ही साधारणपणे काय बदलतो ते. 'व्हॉट'नंतर 'ज' ऐकू आला तर बहुधा भूतकाळ. 'वॉडया' मात्र 'व्हॉट आर यू'मधूनही येतो. पुढे 'डूइंग', 'ट्राइंग' असं काही आलं तर 'आर' समजायचं. वाक्याच्या सुरुवातीच्या 'जू'वर भरवसा नको, तो 'डू यू' आणि 'डिड यू' दोन्हींचा असतो. तिथे संदर्भच पाहावा लागतो.

त्याला सराव दिला तो असा. गप्पांच्या रेकॉर्डिंगमधला दहा सेकंदांचा प्रश्न तीनदा ऐकायचा, सबटायटल बंद. मुख्य क्रियापदाआधीचे शब्दच लिहायचे, मग सबटायटल लावून ताडायचे. शेवटी तोच प्रश्न त्याच वेगात मोठ्याने म्हणायचा. ही पायरी बहुतेक जण टाळतात. जे तोंडात बसतं ते कानाला लवकर सापडतं.

फोनवर कळलं नाही तर नुसतं 'सॉरी?' म्हटलं की समोरचा बरेचदा तेच तितक्याच वेगात पुन्हा म्हणतो. त्यापेक्षा "डू यू मीन नाऊ, ऑर येस्टर्डे?" असं नेमकं विचारावं.

नकारार्थी प्रश्नाचं वेगळं सांगावं लागलं. "यू डिडन्ट गेट द मेल?" याला तो "येस" म्हणायचा, मनात 'हो, नाही मिळाला'. ग्राहक समजायचा, मिळाला. आता तो "नो, आय डिडन्ट" असं पूर्ण म्हणतो.