स्वतंत्र आर्थिक-सामाजिक संशोधन संस्था नेमकं काय काम करते?

प्रश्न असा आहे की सरकारकडे स्वतःचे अर्थतज्ज्ञ असताना अशी वेगळी संस्था कशाला हवी. ब्रिटनचं उदाहरण घेऊ. लंडनमधली ‘नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इकॉनॉमिक अँड सोशल रिसर्च’ १९३८ साली सुरू झाली. महामंदीचे चटके ताजे होते आणि देशाच्या अर्थव्यवस्थेबद्दलची आकडेवारी फारच अपुरी होती.

आज तिचं सर्वात परिचित काम म्हणजे अंदाज: वाढ, महागाई, बेरोजगारी यांचे. १९५९ पासून तिचं त्रैमासिक निघतं. ‘नायजेम’ नावाचं तिचं जागतिक अर्थव्यवस्थेचं गणिती मॉडेल तर अनेक मध्यवर्ती बँकाही वापरतात. तेल महागलं किंवा व्याजदर वाढला, तर एका देशातला धक्का दुसऱ्या देशात कसा पोचतो, हे त्यातून तपासता येतं. याशिवाय किमान वेतन, शिक्षण, स्थलांतर यांवरही अभ्यास होतो.

आता ‘स्वतंत्र’ या शब्दाबद्दल, कारण खरी मेख तिथेच आहे. ही संस्था सरकारकडून कायमस्वरूपी अनुदान घेत नाही, पण सरकारी खात्यांचे प्रकल्प मात्र करते. म्हणून कुठलाही अहवाल वाचताना मी आधी पाहतो: पैसा कुणाचा आणि नकोसे निष्कर्षही छापले गेले का?