‘हय शिकवतलो कोण?’

कुडाळ-मालवण पट्ट्यातले आईवडील मुलांबद्दल सल्ला घ्यायला माझ्याकडे येतात तेव्हा अभ्यासाच्या खालोखाल हीच काळजी ऐकू येते: इथे शिकवणार कोण? ठाण्या-डोंबिवलीतली भावाबहिणीची मुलं कराटे, कथक, नाटक असं काय काय शिकतात आणि आपलं मूल शाळेतून आलं की मोबाइल घेऊन बसतं. गावात क्लास नाहीत, मग ते मागे पडणार का? अशाच एका घराची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

वडील रिक्षा चालवतात, मुलगा सहावीत. वडिलांनी बसल्याबसल्या झीलाबद्दल, म्हणजे मुलाबद्दल, सांगितलं, “झील आमचो भियाता, मॅडम. त्येका कराटे शिकूक व्हया, पण हय शिकवतलो कोण?” तालुक्याच्या गावी एक क्लास लावून झाला होता. पैसे भरले, ड्रेस घेतला आणि दोन महिन्यांत पोरानं जाणं बंद केलं. वडिलांच्या मते ही धरसोड. आई गप्प होती.

मुलाशी मी वेगळं बोलले. तो सुरुवातीला नुसता चपलेच्या पट्ट्याशी खेळत होता. मग हळूहळू कळलं की क्लास साडेपाचला सुरू व्हायचा आणि एसटी कधीच वेळेवर यायची नाही. उशिरा येणाऱ्याला सगळ्यांसमोर उठाबशा, आणि बाकीची मुलं मोठ्यानं आकडे मोजणार. त्याच एसटीत मोठी मुलं त्याचा डबा काढून घ्यायची. त्याने घरी यातलं काही सांगितलं नव्हतं, कारण वडील पैशाचा विषय काढतील अशी त्याला भीती होती.

या मुलाला मी भित्रा म्हणणार नाही. जिथे रोज अपमान होतो तिथे जायचं नाही, हे त्याने स्वतःचं स्वतः ठरवलं होतं.

आईवडिलांना मी आधी बसचं सांगितलं. कराटे शिकला की दादागिरी आपोआप थांबेल, या आशेवर अकरा वर्षांच्या मुलाला सोडू नका. तो प्रश्न मोठ्यांनी सोडवायचा आहे. मुख्याध्यापकांना भेटा, कंडक्टरला सांगा, शक्य असेल तर मुलाला पुढच्या सीटवर बसवा. हे वडिलांनी त्याच आठवड्यात केलं.

मग क्लासचं. कोकणात शिकवणारे पुष्कळ आहेत, पण बोर्ड लावून बसलेले थोडे. कराटे, तायक्वांदो, ज्युदो हे खेळ शालेय क्रीडा स्पर्धांमध्ये आहेत. म्हणून मी नेहमी सुचवते की जिल्हा स्पर्धेला आपल्या आसपासच्या कुठल्या शाळेची मुलं गेली होती ते विचारा आणि त्यांना तयार कोण करतं ते शोधा. सिंधुदुर्गचं जिल्हा क्रीडा कार्यालय ओरोसला आहे, तिथेही चौकशी करता येते. या वडिलांना शेजारच्या गावातल्या हायस्कूलचे एक शिक्षक सापडले. ते शाळा सुटल्यावर मैदानावर तायक्वांदो घेतात. मुलगा सायकलने पोचू शकतो, आणि माझ्या मते कुठल्याही बेल्टपेक्षा हे मोठं. शेवटची बस गाठायची म्हणून अर्ध्यातून निघावं लागतं तो क्लास आपल्याकडे टिकत नाही.

नाव घालण्याआधी एक अख्खा तास बसून बघा, मुलालाही बरोबर न्या. चुकलेल्या मुलाला सर काय बोलतात? पडायचं कसं हे आधी शिकवतात का? खाली मॅट किंवा निदान मऊ जमीन आहे का? पालकांनी बसलेलं चालत नसेल तर मी तरी मूल तिथे ठेवणार नाही. वर्षा-दीड वर्षात ब्लॅक बेल्ट देतो म्हणणाऱ्यांपासूनही लांब राहा. त्याला बरीच वर्षं नियमित सराव लागतो. आणि पैसे महिन्याचे महिन्याला भरा.

बोलताबोलता आईने सहज सांगितलं की हा जत्रेत रात्रभर दशावतार, म्हणजे आपल्याकडचं देवादिकांच्या गोष्टींचं लोकनाट्य, बघतो आणि दुसऱ्या दिवशी अंगणात काठी घेऊन संकासुर आणि विष्णूचं युद्ध एकटाच करतो. वडिलांना हा वेळेचा नाश वाटत होता. मला वाटलं नाही. मृदंग आणि झांजेच्या तालावर पाय टाकत तलवार फिरवायची, तोंडाने संवाद चालू, तेही लिहिलेल्या संहितेशिवाय आयत्या वेळी रचलेले. अंगाला आणि धिटाईला यापेक्षा चांगली तालीम दुसरी कोणती? दशावताराचे प्रयोग कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की पाऊस येईपर्यंत चालतात. पावसाळ्यात बरेच कलाकार घरी शेतीत असतात, तेव्हाच त्यांना भेटावं. मुलाच्या आजोबांनी पलीकडच्या वाडीतल्या एका कलाकाराला गाठलं. आता भातलावणी आटोपली की संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर तीन-चार पोरं जमतात.

आपल्याकडच्या कलांचं शिकणं असं ऋतूंप्रमाणे चालतं, त्यामुळे जूनमध्ये ‘ॲडमिशन’ शोधणाऱ्याला ते दिसत नाही. रत्नागिरीकडे जाखडी या नाचाची तालीम गणपतीआधी वाडीवाडीत सुरू होते, नमन या लोकनाट्याची शिमग्याच्या सुमाराला. भजन मंडळात पखवाज शिकायला मुहूर्त लागत नाही. कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला, आणि कळसूत्री बाहुल्या आहेत. ती कला जपणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. मुलाला एकदा तिथे नेऊन आणा.

ओट्यावरची शिकवणी असली तरी मैदानावरचाच नियम लावा. शिकवणारे ओळखीचे असले तरी पहिले काही दिवस घरातलं कुणीतरी सोबत बसावं. मुलींच्या बाबतीत घरी परतायची वेळ आणि वाट आधी ठरवावी. मूल अचानक ‘नाही जायचं’ म्हणालं तर रागावण्याआधी, एकटं असताना, कारण विचारावं.

या मुलाचं तायक्वांदो किती दिवस चालेल, मला सांगता येणार नाही. गेल्या भेटीत तो म्हणाला की लाथ मारताना अजून तोल जातो. वडिलांनी त्यावर काहीच टोमणा मारला नाही, उलट सायकलला मागे दिवा लावून घ्यायचा विषय काढला.